आखूड वाजवलेली पेटी

गेल्या हिवाळ्यात आमच्या आयटीआयमध्ये मुलांना एक सिनेमा दाखवला. परदेशातल्या एका गाजलेल्या वादक मंडळींवरचा, हिंदीत डब केलेला. प्राचार्य म्हणाले, "सर, तुम्हाला संगीताचं अंग आहे. यातून करिअरसाठी काय घ्यायचं, ते शेवटी तुम्हीच सांगा." मी वायरमन ट्रेड शिकवतो. बोलण्यापेक्षा करून दाखवणं मला बरं पडतं. तरी हो म्हणालो.

सिनेमात एक प्रसंग आहे. पहिलं रेकॉर्डिंग चालू असतं. गिटारवाला घाबरून लय वाढवतो, ड्रमवाला त्याला सांभाळायला जातो आणि स्वतःच घसरतो. काचेमागून निर्माता म्हणतो, ड्रमवाला कच्चा आहे, दुसरा आणा. बाकीचे तिघं आपापल्या बुटांकडे पाहत राहतात.

मी मुलांना सांगितलं, रियाज सोडू नका, वेळ पाळा, आलेली संधी दवडू नका. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरची लाखांदूरकडची एक मुलगी उभी राहिली.

"सर, चूक गिटारवाल्याची होती ना? मंग बाकीचे चूप काहून बसले?"

"त्यांचं करिअर पणाला लागलं होतं," मी म्हणालो.

"म्हणजे आपणबी असंच चूप बसाचं का, सर?"

पोरं हसली. मीही हसलो आणि प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागलो.

तिला द्यायचं होतं ते उत्तर इथे लिहितो. तो गिटारवाला मीच आहे.

गोंदिया वेगळा झाला, आमचा भंडारा अर्धा उरला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. माझ्याकडे वायरमनचं सर्टिफिकेट होतं आणि काम नव्हतं. आसगावकडच्या एका कव्वाली पार्टीत मी पेटी वाजवायचो. पार्टीची गायिका आमच्याच वस्तीतली, माझ्याहून वयानं मोठी. मी तिला 'बाई' म्हणायचो, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. ती मला 'मास्तर' म्हणायची, चिडवायला. दिवसभर धानाच्या बांधीत रोवणं नाहीतर कापणी, आणि दिवस कलला की विहाराच्या ओसरीत तालीम. तिच्या बोटांना चिखलाचा वास असायचा आणि आवाज असा, की रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकवून थांबायचा.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. तिथे भर दुपारी 'दुय्यम', म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना रंगतो. एक पार्टी पुरुष शाहिराची, एक बाईची, समोरासमोर. त्यानं गाण्यातून सवाल टाकायचा, तिनं गाण्यातूनच जवाब द्यायचा, तोही तिथल्या तिथे रचून. रचायला वेळ लागतो आणि तो वेळ पेटी देते. बाईचा हात मांडीवर फिरत असेल तोवर मी मधलं म्युझिक लांबवत राहायचो. कधी तालाच्या दोन फेऱ्या, कधी दहा. तिनं पदर सावरून मान वर केली की मी एक सूर लांब धरायचो. तो तिला निरोप. त्या सुरावर ती गाण्यात उतरायची. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं, त्यावर कधी बोललोही नव्हतो. तिनं कधी फेऱ्या मोजल्या नाहीत. गरजच नव्हती.

सिहोऱ्याच्या मंडईत एका नावाजलेल्या शाहिरानं तिला डिवचलं. विळा धरणाऱ्या हातात माईक शोभतो का, असं त्यानं गाऊन विचारलं. लोक हसले. मी पेटी लांबवली. शिंगाडे सोलणाऱ्या बायांचे हात थांबले. बाईनं मान वर केली आणि गायली, की शाहिरा, हा हात विळा धरतो म्हणून तुझ्या ताटात भात आहे. आधी जेवून घे, मग सवाल विचार. शाहिरानं डफ खाली ठेवला आणि हात जोडले.

नंतर चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "बाई, आज तुम्ही मले चारचौघांत उपाशी मारलं."

"उपाशी कायले, भाऊ? या ना घरी. पण जेवण गाऊन नोका मांगू."

तिच्याबद्दल मला काय वाटायचं ते कसं सांगू? एवढी तेज बुद्धी मी पुढे शिकलेल्या माणसांतही फार पाहिली नाही. जिंकली तरी ती हरलेल्या पार्टीचं गाणं गुणगुणत घरी यायची. म्हणायची, चांगलं होतं ना, सोडाचं कायले?

त्याच मंडईत सीडी काढणाऱ्या एका शेठनं आम्हाला ऐकलं आणि नागपूरला बोलावलं. स्टुडिओत तिला एका खोलीत उभं केलं, मला दुसऱ्या. मध्ये भिंत. ती मला दिसेना, मी तिला दिसेना. तिच्या कानावर हेडफोन चढवत होते तेव्हा रेकॉर्डिस्ट माझ्याकडे आला.

"मास्टरजी, म्युझिक बस चार फेरे. और वो लंबा सूर मत रखो. ताई को बता देना."

मी मान हलवली. सांगितलं मात्र नाही. जन्मात पहिल्यांदा मला कुणी चेष्टेशिवाय मास्टरजी म्हटलं होतं. त्या तोऱ्यात तिच्या खोलीपर्यंतची चार पावलं राहून गेली. वाटलं, तिला कळेल आपोआप.

चार फेऱ्या झाल्या, पेटी थांबली, ती आलीच नाही. ती निरोपाची वाट पाहत होती. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग ती घाबरली आणि मध्येच शिरायला लागली.

"ताई, गिनती करो ना!" रेकॉर्डिस्ट ओरडला. मग शेठला म्हणाला, "इनको ताल का अंदाज नहीं. देहात में चल जाता है."

शेठनं मला विचारलं, "क्या बोलते, मास्टरजी?"

एक वाक्य बोलायचं होतं. मी पेटीच्या भात्याकडे पाहत म्हणालो, "जैसा आप ठीक समझें."

दुपारी नागपूरची एक गायिका आली. तिला मी चार फेऱ्यांचं नीट समजावलं. तिनं बाईची सगळी गाणी म्हटली. बाई बाहेर बाकड्यावर बसून ऐकत होती.

परतताना एसटीत ती खिडकीपाशी बसली होती. पवनी आलं तेव्हा बोलली.

"माह्या कानातच खोट आहे का गा, मास्तर?"

"तसं नाही, बाई. मशीनचं काम वेगळं असते."

तिनं ते खरं मानलं. स्टुडिओत गप्प बसलो ते भित्रेपण म्हणता येईल. एसटीतलं ते खोटं होतं.

सीडीवर संगीत म्हणून माझं नाव आलं. आणखी काही सीड्या झाल्या. मग मोबाईल आले, तो धंदा बसला, आणि तोवर मला नोकरी लागली. बाई मंडईत गात राहिली. पण रेडिओवरून बोलावणं आलं तेव्हा तिनं नाही म्हटलं. हसून सगळ्यांना सांगायची, मशीनपुढं मी बेताल होते. हे माझ्या कानावर आलं होतं. तरीही मी गेलो नाही.

मुलांना सांगायला हवा होता तो धडा एवढाच. दोष चुकीच्या माणसावर पडत असेल तर तोंड तिथेच उघडायचं. मागून सांगितलेलं आपलं मन हलकं करतं. समोरच्याची गेलेली वर्षं त्यानं परत येत नाहीत.

सिनेमानंतरच्या रविवारी आसगावला गेलो. बाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. केस पांढरे झालेत, आवाज तोच. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"चार फेऱ्या?"

"हाव."

"अन् तो लांब सूर?"

"त्यानं ठेवू नका म्हटलं होतं."

"अन् तुले तोंड नव्हतं?"

तिनं सुपातला एक खडा वेचून फेकला.

"मी रेडिओवाल्यायले नाही म्हटलं. नातीले शाळेत माईकवर गाऊ नाही देलं. म्हटलं, आपल्या घरात ताल नाही. मालूम होतं तुले?"

"रेडिओचं मालूम होतं. नातीचं नाही."

मीच पुढे म्हणालो, "बाई, मले माफ..."

"ते राहू दे. आता कामाचं बोल." तिनं सूप खाली ठेवलं आणि घरात हाक मारली, "पोरी, फोन आण वो तुहा. रेकाड कर."

नात दारात आली. दहावी-बारावीतली असेल. ती आजीकडे पाहतच राहिली.

"अशी काय पाहतं? कर चालू." मग माझ्याकडे न पाहता, "चार फेऱ्या मोज, मास्तर. मोठ्यानं."

मी मांडीवर ताल धरला. मोठ्यानं मोजलं. चौथी फेरी संपली आणि बाई बरोबर समेवर आली. सबंध अंतरा गायली, एका मात्रेचाही फरक नाही. नातीनं फोन तिच्या कानाशी धरला. बाईनं शेवटपर्यंत ऐकलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"इतकंच होतं?" ती म्हणाली.

मला वर पाहवलं नाही. तिनं नातीच्या हातातून फोन घेतला, बटन कुठलं ते विचारलं, आणि तिच्यासमोर धरला.

"आता तू म्हण."

मी पुन्हा मोजायला लागलो.