जावईबापू, हे कुठे बसून भरलंत?

माझ्या बायकोच्या आत्याबाईंनी सरकारी कागदाचा जेवढा छळ केला, तेवढा या भूतलावर दुसऱ्या कुणीही केला नसेल. आणि तो कागद नेमका माझ्याच टेबलावरचा असायचा, हे माझं नशीब! मी नगरपरिषदेत कारकून. आत्या गिरगावातल्या एका शाळेतून निवृत्त झाल्या आणि भाईंदर पूर्वेला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला आल्या. आख्ख्या मुंबईत जागा नव्हती का? पण नाही, आमच्याच जिन्याखाली. मला त्या 'जावईबापू' म्हणायच्या. शब्द मानाचा, पण आवाज शेवटच्या बाकावरच्या कार्ट्याला उभं करायचा.

त्यांना एक भयंकर खोड होती. मूल दिसलं की पहिला प्रश्न, "आज काय खाल्लंस?" नाव नाही, इयत्ता नाही, थेट पोटात हात. मूल नसलं तरी चालायचं. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यालाच विचारलं. तो बिचारा खरं बोलला, "सकाळपासून काही नाही." झालं! भटजींना थांबवून त्याला दोन केळी खायला लावली. मुहूर्त टळतोय म्हणून माझे सासरे घामाघूम, आणि या म्हणतात, "उपाशी माणसाला सात पावलं चालवू नका, पुढे आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नगरपरिषद तशी नवी, हुरूपही नवा. गावातल्या गरीब मुलांसाठी आराखडा करायचं ठरलं आणि वॉर्डवार तक्ता भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी घरपट्टीचं रजिस्टर उघडलं आणि एका दुपारीत मोकळा झालो. झोपडी असेल तिथली मुलं गरीब, पक्की इमारत असेल तिथे 'निरंक'. निरंक म्हणजे आमच्या भाषेत शून्य. एकदा ते लिहिलं की काम संपतं. मूर्खपणा एवढाच केला, की फाईल घरी आणली.

"जावईबापू, हे कुठे बसून भरलंत?"

"ऑफिसात. पंख्याखाली. का?"

पुढचे चार रविवार मी उन्हात होतो. मिठागरांपासून इंद्रलोक वसाहतीपर्यंत आत्या छत्री घेऊन पुढे आणि मी तक्ता घेऊन मागे. त्यांचं म्हणणं असं, की बापाला कमाई विचारू नये. तो लाजेपोटी जास्त सांगतो, नाहीतर काही मिळेल या आशेने कमी. मुलाला जेवण विचारावं, आराखडा तिथून सुरू होतो. मिठागराजवळ एक चिमुरडी म्हणाली, "भाकर हाय, कालवण न्हाय. तू काय खाल्लंस?" आत्यांना असा उलटा प्रश्न जन्मात कुणी केला नव्हता. "चहा," असं खालच्या आवाजात सांगून त्या पुढे चालायला लागल्या.

तिथेच कळलं, की आमची बालवाडी उघडते दहाला आणि मिठागरावरच्या आया कामाला जातात सहाला. मग धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी. म्हणजे एका वेळापत्रकापायी दोन मुलांची शाळा बुडाली. आत्या थेट साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब म्हणाले, "बाई, याला तरतूद लागेल." आत्या म्हणाल्या, "घड्याळाचा काटा मागे घ्यायला कसली हो तरतूद?" साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई मीच पाळली आहे. पण बालवाडी सहाला उघडायला लागली. तिथल्या शिक्षिका वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत, तो भाग वेगळा.

एवढ्यावर थांबतील तर त्या आत्या कसल्या? आराखड्यात दुसरं कलम होतं, पालिकेच्या शाळेत संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि वर्गानंतर उसळ-पोळी. मुलांची यादी शाळेच्या फळ्यावर लावायची, असा नियम. त्या यादीत आत्यांनी आमच्या इमारतीतल्या दोन मुली घातल्या. कुणाच्या? सोसायटीच्या सेक्रेटरींच्या!

मी कपाळावर हात मारला. हा माणूस म्हणजे इस्त्रीचा शर्ट, पाण्याच्या पंपावर पहारा आणि गाडी आडवी लावणाऱ्याला "भाईसाब, ये सोसायटी है, धर्मशाळा नहीं." कंपनीला टाळं लागून आठ महिने झाले होते, पण विचारलं की "ट्रान्सफरचं चाललंय." त्यांच्या मुली रोज जेवणाच्या वेळेला आमच्या मुलीकडे अभ्यासाला यायच्या. आम्ही दोघं नवराबायको कौतुक करत होतो, काय अभ्यासू पोरी! आत्यांनी मात्र त्यातल्या धाकटीला आपला नेहमीचा प्रश्न विचारला होता.

"पाव," ती म्हणाली.

"आणि काल?"

"हा कालचाच."

"अहो, पण फळ्यावर नाव लागलं तर तो माणूस पोरींना घरात कोंडेल, वर्गाला पाठवायचा नाही," मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा आत्या वाद न घालता निघून गेल्या. दोन दिवस वर फिरकल्याच नाहीत. मला तर वाटलं, त्यांना ताप आलाय की काय. तिसऱ्या दिवशी जिना चढून वर आल्या. "जावईबापू, यादीत तुमच्या मुलीचं नाव घाला. सगळ्यात वर."

मी भडकलो. "आत्या, मी पगारदार माणूस! माझी मुलगी गरिबांच्या यादीत?"

"कठीण जातंय ना? मग त्या माणसाला किती जात असेल?"

त्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. यादीचं नाव 'गरीब मुलं' नाही, 'वस्तीतली सगळी मुलं'. ज्यांना जमतं त्यांनी दर आठवड्याला डाळ-कडधान्य आणून द्यायचं, म्हणजे पालिकेवर बोजा नको. मी माझ्या हाताने माझ्या मुलीचं नाव लिहिलं. साहेबांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "साहेब, मुलांना सोबत हवी." चरफडत का होईना, त्यांनी सही केली.

फळ्यावरची यादी सेक्रेटरींनी वरपासून खालपर्यंत वाचली. मी मागे उभा. रात्री ते आमच्या दारात आले. "तुमची जातेय ना? मग आमच्याही जातील. सोबत होईल." आणि जाता जाता, मी सायकल पॅसेजमध्ये ठेवतो म्हणून मलाच झापून गेले.

आत्या नव्वदचं दशक सरता सरता गेल्या. तोवर सेक्रेटरींना दुसरी नोकरी लागलेली, केस पिकलेले, गुडघे दुखणारे. तरी दाराशी पहिला खांदा त्यांनी दिला. प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी पुढे होई, "काका, द्या आता." ते मानेनेच नाही म्हणत. स्मशानापर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही. आणि मी गाढव, इतकी वर्षं समजत होतो की त्या यादीमागचं त्यांना काहीच कळलं नव्हतं.