मधलं ‘ऑफ’

नाव : बेबीनंदा अप्पाराव. उर्फ : निरंक. वय : अंदाजे पन्नास. राहणार : हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. धर्म : बौद्ध. व्यवसाय : अंगणवाडी मदतनीस. वैवाहिक स्थिती : परित्यक्ता. आईचे नाव : कांताबाई. ओळखीची खूण : हनुवटीवर गोंदण. सदर महिलेच्या नावाबाबत कोणतीही हरकत प्राप्त नाही.

हरकती होत्या, पण तोंडी होत्या. बाप अप्पाराव सांगायचा, नंदा ही भगवान बुद्धांची बहीण, पुढं भिक्खुणी झाली; आणि बेबी हे लाडाचं. लाड केल्याचा पुरावा गावात कुणाकडं नव्हता. कांताबाई म्हणायची, सिनेमातल्या कुण्या पोरीचं नाव असंल. रिटायर झालेल्या राजानंद गुरुजींनी पालीतून उकल केली : नंद म्हणजे आनंद.

“मंग गुर्जी, माझ्याच टायमाला भेसळ कशानं झाली?” तिनं विचारलं.



घरात अख्खं नाव कुणी घेत नसे. बाप ‘नंदा’ म्हणायचा, कांताबाई ‘बेबी’. बांधाची वाटणी व्हावी तशी नावाची झालेली.

कांताबाई सावत्र. जन्म देणारी बाळंतपणात गेली, एवढंच बेबीनंदाला ठाऊक. तिचं नाव विचारलं की अप्पाराव गुरांना पाणी पाजायला जायचा. गुरं विकल्यावरही जायचा.

गेल्या दिवाळीआधी तो वारला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात गुरुजी मयताविषयी चार शब्द वाचणार होते. निदान एकदा आपल्या आईचं नाव चारचौघांत घेतलं जावं, असं बेबीनंदाच्या मनात आलं. अडचण एवढीच, की नाव माहीत नव्हतं. भाकरी करणाऱ्या कांताबाईला तिनं गाठलं.

“आता कशाला उकरून राह्यली?”

“गुर्जीला सांगायचंय. एकदाच.”

कांताबाईनं भाकरी उलटली. “नंदा.”

“माझं न्हाई, तिचं इचारून राह्यले.”

“तिचंच सांगून राह्यले. तू झाली अन् ती गेली. दवाखान्यातल्या नर्सनं पाळण्याला चिठ्ठी लावली, बेबी ऑफ नंदा. म्हंजे नंदाचं लेकरू. तुह्या बापाला वाटलं, पोरीला नावच ठिवलं. मधलं ‘ऑफ’ त्याला कळलं न्हाई. पुढं कुणीतरी समजून सांगितलं, पर मेलेल्या बाईचं नाव खोडू कसं म्हणला.”

“अन् भिक्खुणी?”

“ते लोकांसाठी.” कांताबाईनं चुलीत लाकूड सारलं. “ती जित्ती होती तवा त्यानं तिला नावानं कधी हाक मारली न्हाई. आपल्यात कोण मारतंय? मंग जलमभर तुला मारली.”

“म्हणून तू बेबी म्हणती?”

“मंग काय, दिवसभर सवतीला बोलवू?”

बेबीनंदानं परातीतलं उरलेलं पीठ खरवडून काढलं. बाप ‘नंदा’ म्हणायचा तेव्हा ओ कुणी द्यायची होती, हे विचारायला बाप नव्हता.

तिनं गुरुजींना कागदावर नावं एकाखाली एक लिहून दिली : नंदा, कांताबाई, बेबीनंदा.

विहारात गुरुजींनी खणखणीत आवाजात वाचलं, “कालकथित अप्पाराव यांच्या पश्चात पत्नी कांताबाई आणि कन्या बेबीनंदा असा परिवार आहे.” लोक दोन मिनिटं उभे राहिले आणि जेवायला बसले.

“गुर्जी, एक नाव ऱ्हायलं.”

“ऱ्हायलं न्हाई, खोडलं. तुझं दोनदा लिहिलं होतं तू.”

“ते माझं नव्हतं.”

“अगं, नंदा म्हंजे तूच की. अप्पाराव उठता-बसता तुला नंदाच म्हणायचा. माझ्यासमोरसुद्धा म्हणायचा.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पंगत वाढायची होती. मागून कांताबाईनं हाक मारली, “बेबी, वरणाची बादली घे.”

तिला नंदा म्हणणारं आता कुणी नाही.