दत्तारामची करंगळी

दुबईत अल कुसैसच्या आमच्या खोलीत गॅस बंद असल्याचं पाच जणांनी बघितलं तरी सहावा दत्ताराम पुन्हा बघायचा. आम्ही त्याची भरपूर टर उडवायचो. तो मनावर घेत नसे.

चिपळूणकडचा हा फिटर शारजातल्या एका म्हाताऱ्या अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, जुन्या शिकारी रायफली सांभाळायचा. त्या सेमी-ऑटोमॅटिक होत्या; एक गोळी उडाली की मॅगझीनमधली पुढची आपोआप चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकात, चढायची. दत्ताराम त्यांना तेलाचा जेमतेम हात लावायचा, कारण तेल जास्त झालं की वाळू चिकटते. आणि रायफल कोणीही हातात देवो, नळी कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीकडे वळवायची, मॅगझीन काढायचं, बोल्ट मागे ओढायचा आणि चेंबरमध्ये करंगळी घालून बघायचं, हा त्याचा नेम.

सत्याण्णव साली शेतावरची नेमबाजी आटोपून अरबाब पाहुण्यांसह बंदुकांच्या खोलीत आला. मॅगझीन त्याने स्वतःच काढलं होतं. "खाली है," म्हणत त्याने रायफल पुढे केली. दत्ताराम सवयीने पेटीकडे वळला. पाहुणे हसले.

"मेरा बात पे भरोसा नहीं?" अरबाब भडकला.

दत्तारामने पाठमोऱ्यानेच बोल्ट ओढला. एक जिवंत काडतूस आवाज न करता वाळूत पडलं. मॅगझीन काढलं तरी चढलेली गोळी आतच राहते, हे म्हातारा विसरला होता. दत्तारामने ते उचलून गुपचूप खिशात टाकलं.

"खलास. कल से मत आना," अरबाबाने पाहुण्यांसमोरच सुनावलं.

नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, आणि गावी त्याची मुलगी समिधा नर्सिंग शिकत होती. मी असतो तर काडतूस सगळ्यांच्या नाकासमोर नाचवलं असतं. हा बाबा मान खाली घालून खोलीवर आला. त्याने सगळं सांगितल्यावर मला त्याचा राग आला आणि कीवही.

सकाळी तो किल्ल्या द्यायला गेला. किल्ल्यांशेजारी त्याने ते काडतूस ठेवलं. अरबाबाने ते उचलून बोटांत फिरवलं.

"कल क्यों नहीं बोला?"

"मेहमान थे, अरबाब."

म्हाताऱ्याने किल्ल्या त्याच्याकडे परत सरकवल्या.

पुढच्या शुक्रवारी तेच पाहुणे आले. अरबाबाने सगळ्यांदेखत रायफलची नळी पेटीकडे वळवली, बोल्ट ओढला, आपली करंगळी आत घातली आणि मगच रायफल दत्तारामच्या हाती दिली.

"खाली है," तो म्हणाला, "मगर तू देख."