मालिकेतल्या पोरी आणि वैष्णवीचं हॉस्टेल

वैष्णवी कॉलेजसाठी अमरावतीच्या हॉस्टेलवर जाणार नाही. तिच्या वडिलांनीच, म्हणजे माझा मावसभाऊ गजानन याने, आज दुपारी मेडशी गावातल्या त्याच्या घरी मला तसं सांगितलं.

घोळ केला वैष्णवीनेच. हॉस्टेलबद्दलची बाबांची भीती जावी म्हणून तिने त्यांना मोबाइलवर एक अमेरिकन मालिका दाखवली. कॉलेजातल्या मुली एका घरात राहतात, एकमेकींना बहिणी मानतात, भांडतात, धमाल करतात. गजाननने ती हिंदीतून शेवटपर्यंत पाहिली. हसलासुद्धा.

मला वाटलं, त्याला पार्ट्या खटकल्या असतील. तसं विचारलंही.

"पार्ट्याचं जाऊ दे भाऊ," तो म्हणाला. "नव्या पोरीच्या डोयाले पट्टी बांधली, शपथ घ्याले लावली, ते रडली. तिच्या घरून कोनी आलं काय? आखरीपर्यंत एकाही पोरीची माय डबा घेऊन आली नाही."

"बाबा, ते खोटं हाये," वैष्णवी म्हणाली.

"मंग मले दाखवलं कायले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमी तरी सांगा ना."

रोज बातम्या लिहिणारा मी, पण "तू जात जा ना भेटाले," एवढंच गजाननला म्हणालो.

"अन् वावरातलं पीक कोन पाहीन?"



प्रवेश पक्का करायची मुदत उद्या संध्याकाळी संपते. वहिनींनी, वैष्णवीच्या आईने, तिची भरलेली बॅग अजून रिकामी केलेली नाही. सकाळी मी पुन्हा मेडशीला जातोय. गजाननला काय सांगू, तुम्हीच सुचवा.