बाहुलीच्या लग्नातला मानपान

दुपारी बारानंतर निलंग्यातल्या आमच्या घराला एकच वास येतो, कूलरच्या ओल्या गवताचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो थंडाव्याचा वाटतो. वैशाख चढत गेला की त्याच गवताला शेवाळी कुबटपणा येतो आणि बंद खिडक्यांच्या आतला सगळा प्रहर, भिजवून पिळायला विसरलेल्या फडक्यासारखा अंगावर पडून राहतो. बाहेर उन्हाने पांढरा पडलेला निर्मनुष्य रस्ता आणि आत, त्या हिरवट अंधारात, सुटी लागलेली मुलं.

या दिवसांत मुलांना घरात गुंतवून ठेवणं हे हल्ली आईबापांना महत्कार्य वाटू लागलं आहे. आमच्या लहानपणी असं नव्हतं, असे उसासे टाकणाऱ्यांचाही मला तितकाच कंटाळा आहे. आमच्या लहानपणी मोठी माणसं दार लावून झोपत आणि मुलं संध्याकाळी धड अवस्थेत दिसली की दिवस पार पडला असं समजत. त्यात कुणाचं थोरपण नव्हतं. पण आताच्या या उत्साहाला जी एक ओशट चकाकी आहे, ती मला सोसत नाही.

माझी धाकटी जाऊ उज्ज्वला खालच्या मजल्यावर राहते. तिची सई चौथीत गेली आहे, आणि शेजारच्या महानंदाची गौरी तिची जिवाची मैत्रीण. महानंदाच्या सासऱ्यांचं बाजारात कापडाचं दुकान आहे, आणि त्या घराचा रुबाब त्यांच्या इस्त्रीच्या पातळांसारखा कडक असतो. सुटी लागताच दोघी मुलींच्या हाती मोबाइल आले. डोळे चुरचुरायला लागले तसे ते कपाटात गेले. मग व्हिडिओ बघून रंगीत माती आली, कागदाचे पक्षी आले, बाटल्यांच्या कुंड्या आल्या. प्रत्येक उपक्रमाचं आयुष्य त्याचा फोटो काढून होईपर्यंत. फोटो स्टेटसला लागला की पक्षी केराच्या टोपलीत, आणि सई माझ्या दारात.

"मोठी आई, लई बोर व्हायलंय."

अखेर त्या दोघींनी आपला खेळ आपणच शोधला. सईकडे बाहुली होती, गौरीकडे बाहुला. बाहुला-बाहुलीची लग्नं लावायचा आमच्याकडचा दिवस, अक्षय तृतीया, जवळ आली होती. बुटांच्या खोक्याचा मांडव झाला, त्याला लिंबाच्या डहाळ्यांची तोरणं लागली, आणि गौरीने आईच्या फाटक्या ओढणीतून नवरदेवाची पगडी शिवली, बोटाला सुई टोचवून घेत, जीभ दातांत धरून. घर इतकं शांत झालं की जिन्यातून येणारी त्यांची कुजबुज मला वर ऐकू येई. एखाद्या झाडात चिमण्या आहेत हे नुसत्या आवाजावरून कळावं तशी. तो एवढाच खरा उन्हाळा.

मग उज्ज्वलाने तो मांडव पाहिला. "अगं, हे तर नीटच करू की आपण," ती म्हणाली, आणि मोठ्या माणसांनी नीट करायला घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचं जे होतं ते झालं. बुटांचं खोकं गेलं, फुग्यांची कमान आली. फ्लेक्सवर चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी छापले गेले. मोबाइलवरून सनईच्या सुरात निमंत्रणं सुटली. आमरस-पोळीच्या बेतावर दोन घरांच्या बायका रोज संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून अशा गंभीरपणे बोलत, जणू खरंच कुणाची पोर उजवायची आहे. माझा दीर सईच्या शाळेत पालकसभेला कधी फिरकला नाही. त्याने फेट्यांची ऑर्डर दिली.

"आमी काय करायचं?" सईने विचारलं.

"तुमी नुसतं छान दिसायचं," तिची आई म्हणाली.

लग्नाच्या संध्याकाळी दोघी मुली टोचणाऱ्या घागऱ्यांत, फोटोवाल्याने बसवलं तिथे बसून होत्या. स्पीकरवर मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. बाहुला-बाहुली त्या तांदळाखाली दिसेनाशी झाली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग आहेर. वरपक्षाचे वडीलधारे म्हणून गौरीच्या आजोबांना पाटावर बसवून दिराने त्यांना टॉवेल-टोपी दिली. म्हाताऱ्याने टोपी हसत डोक्यावर चढवली. टॉवेल महानंदाने घेतला, सवयीने उलगडला, आणि तिचा हात थांबला. आतल्या घडीला त्यांच्याच दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती.

"उज्ज्वला," ती हळूच म्हणाली, "हा टॉवेल तुमच्या वास्तुशांतीला मीच दिल्ता."

"अवो, खेळातलं लगीन हाय ते. खेळात कुणी टॉवेल बघतंय का?"

"खेळातलं हाय, तर आमच्या मामंजींना सगळ्यांपुढं पाटावर कशाला बसवलं?"

"ऱ्हाऊ दे की," आजोबा टोपी सारखी करत पुटपुटले. पण आता ते कुणाला ऐकायचं नव्हतं. उज्ज्वलाचा चेहरा लाल झाला होता, आणि लाल चेहऱ्याचं माणूस हाताला लागेल ते फेकतं. "तुमच्या नवरदेवाची पगडी तरी कुठं नवी हाय?" ती म्हणाली. "फाटक्या ओढणीची तर हाय."

गौरीने वर पाहिलं नाही. तिने अक्षता बाजूला सारून बाहुला काढला, त्याच्या डोक्यावरची पगडी अलगद उचलली आणि मुठीत धरली. महानंदाने तिला दंडाला धरून उठवलं. आमरसाच्या वाट्या तशाच राहिल्या. वरपक्ष न जेवता गेला.

त्यानंतर जे घडलं ते सांगतानाही मला ओशाळं वाटतं. "आमची पोर नांदायला जाणार न्हाई," असं उज्ज्वला आधी हसत म्हणाली, सकाळी हसू वगळून म्हणाली, आणि त्याच दमात सईला शेजारी जायची बंदी झाली. महानंदाकडेही तसाच हुकूम सुटला. सई बाहुली पोटाशी धरून रडत राहिली. तिला गप्प करायला कपाटातला मोबाइल बाहेर आला. लग्नाचे फोटो तेवढे दोन्ही घरांनी लावले. त्यांत सगळे हसत होते. सुशिक्षित, सुखवस्तू, टाइलच्या घरांत राहणाऱ्या या बायकांकडे गच्चीवरून पाहताना मला वाटे, यांना मुलं सांभाळायची नाहीतच. यांना स्वतःलाच कुणीतरी रमवून ठेवायला हवं आहे.

काही दिवसांनी, ऐन दुपारी, वीज गेली म्हणून मी गारव्याला जिन्यात आले, तर मागच्या अंगणाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तळाशी कुजबुज ऐकू आली. दोघी तिथे होत्या, घरोघरच्या आया झोपल्याची वेळ साधून. मला वाटलं, बाहुल्या घेऊन बसल्या असतील. बाहुल्या नव्हत्या. सईने टॉवेल पदरासारखा खांद्यावर घेतला होता आणि ती महानंदा झाली होती. गौरी कमरेवर हात ठेवून उज्ज्वला.

"हा टॉवेल मीच दिल्ता," सई नाक उडवून म्हणाली.

"खेळात कुणी टॉवेल बघतंय का?" गौरीने मान अशी झटकली की हुबेहूब माझी जाऊ. दोघी तोंडावर हात दाबून हसल्या, पुन्हा पहिल्यापासून भांडल्या, पुन्हा हसल्या. पगडीचा विषय आला तेव्हा सई अडखळली. गौरीनेच ते वाक्य म्हणून टाकलं, मोठ्या ठसक्यात, आणि ते हलकं होऊन वाऱ्यावर गेलं. मी वरच्या पायरीवर कठड्याआड उभी राहून मनातल्या मनात त्यांना शाबासकी देत होते. इतके दिवस एकटीने ज्या गोष्टीचा तिटकारा केला, तिला अखेर योग्य न्यायाधीश मिळाले होते.

"आता मोठी आई ऱ्हायली की," सई म्हणाली. "तू हो मोठी आई."

"ती काय म्हणती?"

"काईच न्हाई म्हणत. ती नुसती खुर्चीवर बसती, अन् तोंड वाकडं करती."

गौरीची पाठ माझ्याकडे होती. ती पायरीवर बसली, हाताची घडी घातली आणि तोंड वाकडं केलं. मला ते दिसलं नाही. सईला दिसलं, आणि दोन्ही आयांना ती हसली होती त्याहून जास्त, भिंतीला टेकून, पोट धरून हसली.

मी तशीच उभी राहिले. या घरात पाहणारी मी आहे, अशी माझी समजूत होती. मलाही कुणी इतकं नीट पाहत असेल, हे मनात आलं नव्हतं. ऊन एकेक पायरी चढत माझ्या पावलांपर्यंत आलं, फरशी पोळू लागली, तरी मला हलवेना. वर जावं तर त्यांना चाहूल लागणार. खाली जायचं, तर त्या दोघींसमोर कुठला तरी चेहरा घेऊन जावं लागणार होतं, आणि तो कुठला, ते मला ठरवता येत नव्हतं.