ठकूआत्याच्या हाताचा गुण

"काढ ते! आधी काढ त्याच्या अंगावरनं! वल्लं हाय ते, मुडद्या, वल्लं!"

ओरडत होती माझी ठकूआत्या, बोलणी खात होतो मी, आणि लंगोट होता माझ्या बारा दिवसांच्या मुलाच्या अंगावर, जो आता स्वतः बाप झालाय. आत्याचा आवाज असा की आमच्या गावात, मढला ओरडली तर माळशेजच्या घाटात फोटो काढणारी पुण्याची माणसं दचकून मागे सरकायची. मी म्हणत होतो, अगं सुकलाय, दोन दिवस दोरीवर होता. आता ज्यांनी मढचा आषाढ पाहिला नाही त्यांना सांगतो, आमच्याकडे आषाढात दोरीवर टाकलेलं कापड वाळत नाही, फक्त म्हातारं होतं. भिंतीला हात लावावा तर भिंतच हात धुऊन देते. एका साली गल्लीतल्या कुत्र्याच्या पाठीवर शेवाळ उगवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे एका डोळ्यानं, दुसऱ्यात पाणी गेलं होतं. तर आत्यानं तो लंगोट ओढून काढला आणि माझ्याच गालावर दाबला. "गार लागतंय का न्हाई?" लागत होतं. "तुझ्या ह्या रेड्याच्या गालाला कळतंय, मंग त्याच्या जांघंला कळत नसंल व्हय?"

ती आत्या गेली, त्याला आता तीन आठवडे झाले. मी जुन्नरच्या स्टँडबाहेर जीपमध्ये माणसं भरत होतो, तेव्हा बायकोचा फोन आला. "आत्याबाई गेल्या." मी विचारलं, "कुठं?" कारण सहा वर्षं ती उंबऱ्याच्या बाहेर पडली नव्हती, आणि मला क्षणभर वाटलं, पडली एकदाची...

आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि पुढे पन्नास वर्षं तिनं एकच काम केलं. आसपासच्या वाड्यांवरच्या बाळांना न्हाऊ घालायचं. उन्हाळ्या-हिवाळ्यात कोणीही बाळ अंघोळीला घेईल, पण पावसाळ्यातलं बाळ आत्याचंच. शेगडीत लाल निखारा, वर पालथी टोपली, टोपलीवर लंगोट आणि दुपटी. धुराची एक रेघ जरी निघाली तरी ती शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवायची, म्हणायची, पोराला वाळवायचंय का मकंसारखं भाजायचंय? तेल थेंबभर, तेही तळहातावर चोळून मग. मानेची वळी, काख, जांघ या तीन जागा मऊ धोतराच्या तुकड्यानं टिपायच्या. पुसायच्या नाहीत, टिपायच्या. एका नव्या आईनं जरा जोरात पुसलं तर आत्या म्हणाली, "आगं, ते ताट हाय का?" पावडरीचा डबा दिसला की तो परस्पर चुलीमागे जायचा. आणि रोज तासभर बाळ पूर्ण उघडं, मग बारशाला आलेले पावणे लाजले तरी चालतील. प्रत्येक कापड गालाला लावून बघितल्याशिवाय बाळाला लागायचं नाही. तिच्या हाताखालचं बाळ असं तुकतुकीत दिसायचं की माशी बसायला गेली तर घसरून पडायची.

लोक म्हणायचे, ठकूच्या हाताला गुण आहे. आत्याला हे आवडायचं नाही. ती म्हणायची, गुण कोरड्या कापडाला आहे. आणि तिचा एक नियम होता, जो तिनं कधी मोडला नाही. "पाण्याची फुटकुळी माझी, पिवळी डाक्टरची." पिवळी, म्हणजे पू धरलेली, दिसली की ती तेल, पीठ सगळं बाजूला सारायची, बाळाला कोरड्यात गुंडाळून आईच्या हातात द्यायची आणि एकच शब्द बोलायची, "जुन्नर."

हे सगळं मला माहीत होतं. पण मी जीप चालवतो, आणि घाटाखालच्या वाड्यांपासून जुन्नरपर्यंत पंधरा माणसं मांडीला मांडी लावून गप्प बसवायची तर गोष्ट सांगावी लागते. माझी सगळ्यात चाललेली गोष्ट आत्याची होती. पुण्याच्या एका बड्या डॉक्टरच्या नातवाला अंगभर पुरळ, परदेशातली मलमं हरली, शेवटी डॉक्टर स्वतः मोटारीनं मढला आला, आत्यानं तीन दिवस हात फिरवला आणि पोरगं चौथ्या दिवशी आरशासारखं झालं. डॉक्टर आत्याच्या पाया पडला, इथं मी दोन्ही हात स्टिअरिंगवरून सोडून नमस्कार करून दाखवायचो. खरं काय झालं होतं? जुन्नरच्या एका दवाखान्यातला कंपाउंडर स्वतःची खरूज घेऊन आला होता, आणि आत्यानं त्याला दारातूनच हाकललं होतं. पण कंपाउंडरच्या खरजेवर पंधरा माणसं हसतील, गप्प बसणार नाहीत. शिवाय त्या पिवळ्या फुटकुळीचा नियम मी गोष्टीत कधी घेतला नाही. त्यानं गोष्टीची गंमत जायची.

सहा वर्षांपूर्वीचा आषाढ. सकाळच्या फेरीला वरच्या वाडीतली सविता जीपमध्ये बसली. पहिलटकरीण, नवरा नारायणगावला टोमॅटोच्या गाळ्यावर कामाला, मांडीवर सव्वा महिन्याची मुलगी, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. "कुठं?" म्हटलं. "जुन्नरला, दवाखान्यात. अंगावर फोड उठल्यात हिच्या." मुलगी रडत होती. रडत म्हणजे, बारीक, मांजराच्या पिलासारखी, न थांबता. मी गोष्ट सुरू केली. डॉक्टर मोटारीतून उतरेपर्यंत आलो आणि त्या रडण्यापुढे कोणाचं लक्ष लागेना. आता लिहितोय तर खरं लिहितो... मला त्या पोरीची काळजी वाटली असं नाही. माझी गोष्ट मोडत होती.

मढ आलं. मी आत्याच्या घरासमोर जीप उभी केली आणि इंजिन बंद केलं. "उतर हितं," मी म्हटलं. "दवाखान्यात काय ठेवलंय? डाक्टर जिच्या पाया पडला ती ही इथं. फोड म्हणजे तिला किरकोळ काम." मागचा एक जण म्हणाला, "उतर बाई, हाताला गुण हाय म्हातारीच्या." सविता माझ्याकडे बघत राहिली आणि उतरली. मी पुढे गेलो. उरलेली गोष्ट रंगली, लोक कान देऊन ऐकत राहिले.

त्या दिवशी दुपारी मी परत फिरलो तेव्हा आत्या रस्त्यावर उभी होती. डोक्यावर पोतं, छातीशी ते गाठोडं, शेजारी सविता. मी निघून गेल्यावर आत्यानं प्लॅस्टिक सोडलं होतं. मानेच्या वळीत, काखेत, जांघेत पिवळे फोड, फुटलेले, कातडी कागदासारखी निघालेली. ओला लंगोट, त्यावर प्लॅस्टिक, आठ दिवस. आत्यानं कोरडं गुंडाळलं आणि "जुन्नर" म्हणून लगेच रस्ता धरला. पण ओढ्यावर पाणी चढलं, आणि ते दुपारी उतरेपर्यंत एस.टी. काय, कुठलीच गाडी आली नाही. वीज नव्हती, फोन लागत नव्हता. चार तास दोघी पावसात उभ्या होत्या, आणि ती मुलगी, आत्यानं नंतर सांगितलं, तिसऱ्या तासाला रडायची थांबली.

"का उतरवलीस तिला?" आत्या ओरडली. तो तिचा शेवटचा मोठा आवाज. "बसलेली व्हती ना ती गाडीत? मंग का उतरवलीस रं?"

मी जीप फिरवली. जुन्नरच्या डॉक्टरांनी मुलीला बघितलं, भराभर सुई लावली आणि म्हणाले, सकाळीच आणायला हवं होतं. सविता म्हणाली, "सकाळीच निघाले व्हते." त्यांनी पुढे मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. नारायणगावच्या अलीकडे आत्यानं मुलीच्या छातीवर गाल टेकवला, जसा ती कापडावर टेकवायची. मग तिनं मला गाडी हळू घ्यायला सांगितली.

गावात बातमी कशी पसरली ते सांगायला नको. ठकूकडे नेलं आणि पोर गेलं. एवढीच. कोणी उतरवलं, का उतरवलं, आत्यानं तेल लावलं की नाही, हे कोणी विचारलं नाही. ज्या लोकांनी हाताला गुण म्हटलं त्यांनीच आता हाताला दोष लावला. आत्यानं एका शब्दानं माझं नाव घेतलं नाही. आणि मी? रोज पंधरा माणसांसमोर तोंड चालवणारा मी... एकदाही तोंड उघडलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तिला कोणी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. ती मोरीत आमचीच धुणी धुवायची, घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. माझ्या सुनेला बाळ झालं तेव्हा बाळ तिच्या हातात द्यायला गेलो, तर तिनं हात पदराखाली घेतले. "नगं इष्णू. लोक नावं ठिवतील पोराला."

दहाव्याला ओढ्यावर माणसं फार नव्हती. सविता आली होती. तिला नंतर एक मुलगा झालाय, तो घरी सासूजवळ होता. कावळा शिवेपर्यंत ती एका बाजूला उभी राहिली. मी तिच्याजवळ गेलो, आणि सहा वर्षं तोंडात धरलेलं बोललो. म्हटलं, "सविता, ती डाक्टरची गोष्ट खोटी व्हती. समदी खोटी. आत्याचा काय बी दोष नव्हता, मी सांगाया पायजे व्हतं."

"ठावं व्हतं मला," ती म्हणाली. "तुमच्या गोष्टी कोन खऱ्या मानतंय, भाऊ."

"मंग उतरलीस का?"

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"तुमी गाडी थांबवली व्हती."