मध्येच उठायचा हक्क

संशोधनात निष्कर्ष उशिरा येतात, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून साठत जातात. आमच्याकडे तर आता निष्कर्षांना जागाच उरलेली नाही!

परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकून मी पुण्यात परतले, ती एकाच ध्यासाने. पदवीच्या मुलांनी पुस्तकातून उठून माणसांकडे जावं! एका कॉलेजात ‘जागतिक आरोग्य आणि मानवी हक्क’ असा विद्यार्थ्यांचा संशोधन गट सुरू केला. पाटी वाचून प्राचार्य म्हणाले, "जागतिक कशाला? जगाला गरज असेल तर येईल ते पुण्यात!"

खोली दिली, पण अट घातली. वर्षअखेरचं सादरीकरण पटलं नाही, तर गट बंद आणि खोली गॅदरिंगच्या सामानाला.

मुलांनी विषय निवडला : कामाच्या वेळात स्वच्छतागृहात जायला मिळण्याचा हक्क. मला अगदी भरून आलं.

*

मुलाखतीआधी संमती घ्यायची, हा आमचा पहिला नियम. पेठेतल्या एका निवृत्त हेडक्लार्कना गटातली सायली म्हणाली, "आजोबा, तुम्हाला केव्हाही ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे."

"तो आम्हाला जन्मापासून आहे. तुम्ही कोण देणार?"

दार बंद!

*

गटातला ओंकार हडपसरला गेला. मुलगी कंपनीत कामाला, दारात तिची आई. हा नम्रपणे म्हणाला, "काकू, तुमच्या मुलीशी बोलायचंय. तिची संमती घेईनच, पण आधी तुमची हवी."

काकूंनी आत हाक मारली, "अवो, बाहेर या! पोरगं सरळ हाय, पर आईबापाला न घेताच आलंय!"

*

खराडीत ओंकारला आयटीतला एक इंजिनियर भेटला. "मीटिंग चालू असताना उठता येतं?"

"येतं की. फक्त स्क्रीनवर स्टेटस ‘अवे’ झालं, की मॅनेजर विचारतो, काय चाललंय?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"वर्किंग ऑन इट!"

*

मंडईत सायलीने भाजीवाल्या मावशींना विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"पाणी भाजी पिते. मी प्यायले तर जाऊ कधी? गाळा तू सांभाळशील?"

सायली बसली. मावशी परतल्या तेव्हा गिऱ्हाइकांची रांग लागली होती आणि ही एकेकाला विचारत होती, "मेथी घ्यायला आपली संमती आहे ना?"

*

अखेर सादरीकरणाचा दिवस आला. मुलं घाबरलेली. प्रमुख पाहुणे आधी दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि थांबेचनात! मंचावर प्राचार्य आधी घड्याळाकडे बघत होते, मग दाराकडे. पुढे पायावर पाय, पुन्हा दुसऱ्या पायावर पहिला. शेवटी ते अर्धवट उठले.

"बसा, बसा," पाहुणे म्हणाले. "अजून प्रास्ताविकच चाललंय."

प्राचार्य बसले. चेहरा पार बदलला.

मागून सायली ओरडली, "सर, हक्क आहे तुमचा! जा!"

प्राचार्य गेले. चक्क पळत!

बऱ्याच वेळाने शांतपणे परत आले. पाहुण्यांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "सादरीकरण राहू दे. विषय तातडीचा आहे. खोली तुमचीच."